मावा नाही, गोंद फवारायलेय

बहिणीच्या बाळाचं बारसं वीस दिवसांवर आलं आणि मी गोधडी शिवायला घेतली. म्हणजे उशीरच. त्यात परभणीची थंडी, पारा पाच-सहा अंशांवर यायला वेळ लागत नाही.

वरून आईच्या जुन्या सुती साड्यांचे चौकोन, खालून फ्लीस, म्हणजे लोकरीसारखं मऊ कापड, मध्ये काही नाही. फ्लीस ऊब धरतं, हलकं असतं, धुतलं की लवकर वाळतं. साड्याही इतक्या धुतलेल्या की आटायच्या तेवढ्या आधीच आटलेल्या. नवं सुती कापड असतं तर आधी भिजवून घ्यावं लागलं असतं, कारण सूत आटतं, फ्लीस आटत नाही. मग गोधडीला चुण्या पडतात.

प्रश्न होता तो टाचण्याचा. आमच्याकडे थर अंथरून कोपऱ्यांवर वरवंटा, तांब्या, सापडेल ते ठेवायचं आणि रांगत रांगत लांब कच्चे टाके घालायचे. आई हे बोलता बोलता उरकायची. माझे गुडघे आत्ताच बोलायला लागलेत! कच्च्या टाक्यांऐवजी गोंदाचा फवारा मारतात हे कळल्यावर मी बाजारातून एक डबा आणला. ‘कापडालाच चालतो, ताई,’ असं ऐकून आणला. तो निघाला सोफ्याचा, कायमचा चिकटणारा. चौथ्याच ओळीला दोरा तुटला, मग टाके सुटायला लागले. बघते तर सुईवर गोंदाचा थर. नेलपॉलिश काढायच्या पाण्याने सुई पुसली, पण कापड पुठ्ठ्यासारखं झालं होतं. ते सध्या माठाखाली आहे.

मग शिवणकामाचाच, तात्पुरता धरणारा आणि धुतल्यावर निघून जाणारा फवारा ऑनलाइन मागवला. यायला आठ दिवस लागले, तेवढे गेले. हा डबा पेट घेऊ शकतो, वासही डोक्यात जातो, म्हणून स्वयंपाकघराजवळ नको. सकाळी वारा सुटायच्या आत गच्चीवर गेले. खाली जुनी चादर, तिच्यावर फ्लीस उलटं. वीतभर अंतरावरून हलका हात फिरवायला सुरुवात केली, तेवढ्यात आई वर आली.

‘काय फवारायलीस गं? मावा पडलाय का त्याच्यावर?’

कपाशीवाल्या घरातला प्रश्न, मावा म्हणजे कपाशीवरची कीड. मी हसले, पण चूक आधीच झाली होती. फ्लीस छान तंग दिसावं म्हणून मी ते ओढून चादरीला चिकटपट्टीने डकवलं होतं. वरचं कापड बसवलं, पट्ट्या काढल्या आणि फ्लीस आपल्या मूळ मापावर परत आलं. वर सगळा झोळ. फ्लीस आडवं ताणलं जातं, हे मला माहीत होतं, पण हाताला माहीत नव्हतं.

आई खाली बसली. ‘अंथरायचं असतंय, ओढायचं नसतंय. त्याचं त्याला बसू दे.’

फवाऱ्याचं खरं कौतुक मला इथे वाटलं. टाके असते तर उसवत बसले असते. इथे वरचं कापड अलगद सोडवलं, अर्धं दुमडलं, एका अर्ध्यावर पुन्हा हलका फवारा, मधून कडेकडे तळव्याने सपाट केलं, मग दुसरा अर्धा. सगळं मिळून पंधरा-वीस मिनिटं.

मशीनवर चौदा नंबरची सुई लावली, टाका मोठा ठेवला आणि मधल्या ओळीपासून बाहेर शिवत गेले. सुईला काही लागलं नाही. इस्त्रीचा मोह मात्र आवरला. फ्लीस पॉलिस्टरचं, गरम इस्त्रीखाली ते वितळतं.

शिवून झाल्यावर गोधडी धुतली, वाळवली, घडी घालून ठेवली. बारशाच्या आदल्या रात्री बघते तर आई दिव्याखाली बसून तिच्या कडेने हाताने धावदोरा घालतेय.

‘गोंदाचा काय भरोसा?’

‘अगं, गोंद धुण्यात कधीच निघून गेला.’

‘मंग तर घालायलाच पाहिजे की,’ म्हणाली आणि सुईत नवा दोरा ओवायला माझ्यापुढे धरली.