गोराईच्या परसात वाढवलेले गावठी कोंबडे

गोराईला आमच्या परसात कोंबड्या पहिल्यापासून आहेत. कापायचं काम मात्र नेहमी आत्याचं. तिचे हात दुखायला लागले तेव्हा मीच म्हटलं, आता मला शिकव. घरची कोंबडी आवडीने खातो, तर तिला कापायची जबाबदारीही आपण घ्यावी, असं मला मनापासून वाटतं.

खुडूक कोंबडीखाली अंडी ठेवली, एकविसाव्या दिवशी पिल्लं फुटली. सातव्या दिवशी डोळ्यात लासोटा लशीचा एकेक थेंब. ही लस चुकवू नका, मानमोडी (राणीखेत रोग) शिरली की अख्खं खुराडं रिकामं होतं. लशीची लहान बाटलीसुद्धा शंभर पिल्लांची असते, बर्फातच ठेवावी लागते आणि एकदा कालवली की तासा-दोन तासांत संपवावी लागते. म्हणून शेजाऱ्यांची पिल्लंही त्याच सकाळी धरली.

ब्रॉयलर पाच-सहा आठवड्यांत दोन किलोचा होतो. गावठी कोंबड्याला दीड किलोच्या आसपास यायला पाच-सहा महिने द्यावे लागतात. खाणं म्हणजे कणी, भाताचा कोंडा आणि सुकटीचा चुरा. कापायच्या दोन-तीन आठवडे आधी सुकट बंद करायची, नाहीतर मटणाला मासळीचा वास येतो.

आदल्या रात्री कोंबडा डालग्याखाली वेगळा ठेवला. दाणा नाही, फक्त पाणी. पोट रिकामं असलं की साफ करताना घाण होत नाही. आत्याने बजावलं, "सुरीला आजच धार लाव. बोथट सुरीने त्याला त्रास झाला तर मी जेवायला बसणार नाही."

पहाटे अंधारातच उचलला. अंधारात कोंबडा घाबरत नाही, छातीशी धरला की गप्प राहतो. पाय धरून उलटा केला, जबड्याखाली दोन्ही बाजूंच्या शिरा कापल्या. नंतरही तो जोरात फडफडतो, तेव्हा पकड सोडायची नाही. रक्त पूर्ण निथळेपर्यंत मी काही बोललो नाही. आत्याही बोलली नाही.

पाणी उकळतं नको, साठ-पासष्ट अंश पुरे. जास्त तापलं तर कातडी फाटते. पंखातलं मोठं पीस अलगद निघालं की बाहेर काढायचा. पिसं उपटून सुक्या झावळ्यांच्या जाळावर भाजला, बारीक लव जळून गेली. मग खरं नाजूक काम. काळजाला, म्हणजे यकृताला, चिकटलेली हिरवी पित्ताची पिशवी थोड्या काळजासकट कापून टाकायची. ती फुटली तर काळीज कडूच. पाथरी, म्हणजे दाणे दळणारी जाड पिशवी, चिरली तर आत वाळू आणि शिंपल्यांचे घासून गुळगुळीत झालेले तुकडे. आतली पिवळी साल नखाने सोलून निघते. पिसं आणि आतडी माडाच्या आळ्यात खोल पुरली, वर माती दाबली, नाहीतर कुत्री उकरतात.

कापल्यावर काही तासांत मांस ताठ होतं. तेव्हा शिजवलं तर चिवट लागतं, म्हणून हळद-मीठ लावून रात्रभर फ्रिजमध्ये ठेवलं. दुसऱ्या दिवशी मंद आचेवर तासाभराहून जास्त शिजवलं. कुकरमध्ये लवकर होतं.