आबाजींचा खड्डा

४ ऑगस्ट २०२५, सोमवार, रात्री साडेदहा

आज शाळेत अर्ध्या दिवसाची रजा टाकली. मनू सकाळच्या एसटीने भंडारा जिल्ह्यातल्या आमच्या पवनीहून येणार होती आणि तिला घेऊन कॅम्पसला जायचं हे महिनाभर आधीच ठरलं होतं. मनू म्हणजे ताईची धाकटी. बी.ए. झाल्यावर घरचे सगळे बी.एड. कर म्हणत असताना ही म्हणाली, मला प्राचीन भारतीय इतिहास, संस्कृती आणि पुरातत्त्व या विषयात एम.ए. करायचं आहे. ताईचा फोन आला तेव्हा ती काळजीत होती. "तूच समजाव तिले. तुझंच पाहून शिकली ते." मी काही समजावलं नाही. माझ्याकडे ये म्हटलं, एवढंच.

गणेशपेठच्या स्टँडवर उतरली तेव्हा पाऊस सुरूच होता. कागदांची फाइल तिने दोन पिशव्यांत गुंडाळून ओढणीखाली धरली होती. स्वतः मात्र चिंब.

ऑटोवाल्याला ती म्हणाली, "विद्यापीठात जायचं आहे." त्याने लगेच विचारलं, "कोणत्या? महाराजबागेजवळच्या की कॅम्पसला?" तिला कळेना. नागपुरात हे नव्या माणसाला शिकूनच घ्यावं लागतं. आमच्या वेळी कार्यालयातलं काही काम निघालं की माणूस सिव्हिल लाइन्समधल्या जुन्या इमारतीकडे निघायचा आणि म्हणायचा, युनिव्हर्सिटीत जाऊन येतो. जिथे वर्ग भरतात, प्रयोगशाळा आहेत, पोरं झाडाखाली डबे उघडतात, तो अमरावती रोडवरचा कॅम्पस. पाटीवर महात्मा जोतिबा फुले शैक्षणिक परिसर असं नाव आहे, आणि ते मला फार योग्य वाटतं. पण तोंडात कॅम्पसच बसलंय. कुणी "मी कॅम्पसला आहे" म्हटलं की समोरच्याला कळतं, पोरगी एम.ए. किंवा एम.एस्सी. करून राहिली.

बोले पेट्रोल पंप, लॉ कॉलेज चौक, रविनगर, भरतनगर. हा रस्ता मी दोन वर्षं सायकलने केला, १९९२ ते १९९४. गोकुळपेठेत एका म्हाताऱ्या बाईंच्या घरी मागच्या खोलीत राहायचे. मे महिन्यात परीक्षेला निघायचं म्हणजे डोक्याला ओला दुपट्टा, खिशात कांदा आणि सायकलची मूठ हाताला चटका देणारी. आता त्याच रस्त्यावर उड्डाणपुलाचे खांब उभे आहेत आणि खालून जाताना आभाळ पट्ट्यापट्ट्यांत दिसतं. मनू काचेवरचं पाणी पुसत बाहेर बघत होती. लक्ष्मीनारायणचं फाटक दिसलं तसं मी तिला दाखवलं. कामठीच्या रावबहादूर डी. लक्ष्मीनारायण यांनी विज्ञानाच्या शिक्षणासाठी सुमारे ३५ लाखांची आपली संपत्ती विद्यापीठाला दिली आणि १९४२ मध्ये त्यातून ही तंत्रसंस्था उभी राहिली. २०२३ पासून ते वेगळं विद्यापीठ झालं आहे. त्या काळचे ३५ लाख! मला या माणसाचा विचार आला की आजही गलबलून येतं.

कॅम्पसच्या आत शिरल्यावर मनू एकदम गप्प झाली. पावसाळ्यात हा परिसर असतोच तसा. झाडांच्या बुंध्यांवर शेवाळ, रस्त्याच्या कडेने गढूळ पाण्याचे ओहोळ, आणि एका विभागापासून दुसऱ्या विभागापर्यंत एवढं अंतर की चालताना आपोआप आवाज खाली येतो. थोड्या वेळाने म्हणाली, "मावशी, आपल्या पवनीच्या कॉलेजसारखी दहा-वीस कॉलेजं मावतील गं इथं."

तिला मी सांगितलं की आज ४ ऑगस्ट आहे. १९२३ साली याच तारखेला नागपूर विद्यापीठ स्थापन झालं. सहा महाविद्यालयं आणि ९२७ विद्यार्थी, एवढाच पसारा. त्याआधी इथल्या महाविद्यालयांच्या परीक्षा दूरच्या अलाहाबाद विद्यापीठाच्या असत. पुढे पसारा इतका वाढला की १९८३ मध्ये अमरावतीला वेगळं विद्यापीठ निघालं आणि २०११ मध्ये गडचिरोलीला गोंडवाना. आता नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया हे चार जिल्हे उरलेत. म्हणजे पवनीची पोरगी अजूनही इथलीच. २००५ मध्ये विद्यापीठाला राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचं नाव मिळालं, त्या दिवशी आमच्या शाळेत पेढे वाटले होते.

आता जे लिहायला बसले ते लिहिते.

आमचे आबाजी, म्हणजे मनूचे पणजोबा, पवनीला रोजीने कामाला जात. १९६९-७० मध्ये नागपूर विद्यापीठ आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण यांनी मिळून पवनीत उत्खनन केलं, तेव्हा जगन्नाथ टेकडीवर खोदायला जे मजूर लावले होते त्यांत आबाजी होते. माझा जन्म त्यानंतरचा. पण लहानपणी त्यांच्या तोंडून हे इतक्यांदा ऐकलंय की मीच तिथे घमेलं उचलल्यासारखं वाटतं. गावात तेव्हा सगळे म्हणायचे, नागपूरचे साहेब गुप्तधन काढायला आलेत. पवन राजाचा खजिना. आबाजीही पहिले आठ दिवस सोन्याच्या हंड्याची वाट बघत होते. निघाली ती खापरं. विटा. दगड. आणि त्या खापरांना साहेब असं हातात घेत की जणू लेकराला घेतलंय. कुदळ जोरात बसली की ओरडत, "हळू, हळू!" प्रत्येक खापर पिशवीत, पिशवीवर चिठ्ठी, चिठ्ठीवर खोली. आबाजी म्हणत, "माती मोजून काढणारे लोक पहिल्यांदा पाहिले मी."

त्यांना शेवटपर्यंत नीट कळलं नव्हतं की तिथे निघालं काय. आम्हालाही कुणी सांगितलं नाही. शाळेच्या पुस्तकात सांची होती, अजिंठा होता, पवनी कुठेच नव्हती. आम्ही त्या टेकडीवर लपंडाव खेळलो, गावाभोवतीच्या मातीच्या तटावर बोरं वेचली आणि विदर्भाची काशी म्हणून वैनगंगेच्या घाटांचं कौतुक ऐकत मोठे झालो.

१९९२ मध्ये कॅम्पसच्या विभागातल्या ग्रंथालयात एका दुपारी मला तो अहवाल मिळाला. शां. भा. देव आणि जगत्पती जोशी यांचा, १९७२ मध्ये नागपूर विद्यापीठानेच छापलेला. कव्हर सुटलेलं, आत वाळवीची नक्षी. मी उभ्याउभ्याच वाचायला लागले. आमची टेकडी म्हणजे बौद्ध स्तूप होता, मौर्यांच्या आसपासच्या काळापासूनचा, आणि व्यासाने सांचीच्या मोठ्या स्तूपापेक्षाही रुंद. तिथे सापडलेल्या एका शिल्पावर फणा उभारलेला नाग कोरला आहे आणि ब्राह्मी अक्षरांत त्याचं नावही: मुचरिंद नागो. बुद्धाला ज्ञान झाल्यानंतरच्या आठवड्यांत अवकाळी पाऊस लागला तेव्हा फणा धरून त्याला झाकणारा तो मुचलिंद. खिडकीबाहेर तेव्हा ऊन होतं की पाऊस, आठवत नाही. मला रडू आलं होतं, हे आठवतं.

दिवाळीला घरी जाताना त्या अहवालाची झेरॉक्स घेऊन गेले. अंगणात बसून आबाजींना पानापानाचं मराठीत सांगितलं. खड्ड्यांचे नकाशे बघून ते बोट ठेवून म्हणू लागले, "इथं लिंब होता. त्याखाली आमचा पाण्याचा माठ." "या बाजूला माती ढासळली होती, दोन दिवस काम बंद." "हा आमचा खड्डा." अहवालांत मजुरांची नावं नसतात. मी पेन्सिलीने त्यांचं सगळं बोलणं समासात लिहून घेतलं. दोन वर्षांनी ते गेले.

त्या दिवशी मला कॅम्पस म्हणजे काय ते कळलं असं मी मानते. इथले लोक मोटारी घेऊन आमच्या गावात आले, आमच्याच माणसांकडून माती उकरून घेतली आणि ती वाचून ठेवली. टाकळघाट-खापा, माहुरझरी, मांढळ, ही सगळी याच विभागाची कामं. माहुरझरी तर शहराला लागूनच. तिथल्या शिळावर्तुळांत, म्हणजे मोठ्या दगडांचं कडं केलेल्या प्राचीन थडग्यांत, माणसांच्या दफनांसोबत घोडे सापडले, डोक्यावर तांब्याचे अलंकार घातलेले. मांढळला वाकाटक राजांचे ताम्रपट निघाले. एम.ए.च्या दुसऱ्या वर्षी आम्हाला जुनापाणीला नेलं होतं, काटोल रोडने. जवळजवळ ३०० शिळावर्तुळं, गवतात बुडालेली, आणि शेजारी गुराखी निवांत बसलेला. सरांनी एका दगडावरचे वाटीसारखे छोटे खळगे दाखवले आणि त्यांवरून हात फिरवायला सांगितला. तो स्पर्श मी विसरलेली नाही.

मनूच्या कागदांचं काम अर्ध्या तासात झालं. मूळ गुणपत्रिका बघितल्या, एक झेरॉक्स कमी होती, ती काढून आणली. कामापेक्षा पावसातच जास्त वेळ गेला.

चहा घेताना तिने विचारलं, "मावशी, खरं सांग. यात नोकरी लागते का?" खोटं सांगवलं नाही. जागा कमी आहेत. राज्याचा पुरातत्त्व विभाग, वस्तुसंग्रहालयं, प्राध्यापकी, स्पर्धा परीक्षा. मला स्वतःला शाळेत इतिहास शिकवायलाच यावं लागलं, आणि तेही बी.एड. केल्यावर. म्हणून तिला म्हटलं, एम.ए. करताना प्राध्यापकीसाठी लागणाऱ्या सेट-नेट परीक्षांचा अभ्यास सुरू ठेव, ब्राह्मी लिपी पहिल्याच वर्षी पक्की कर, आणि महिन्यातून एकदा तरी अजबबंगल्यात जा. १८६३ पासून ते संग्रहालय इथे उभं आहे आणि नागपूरची अर्धी पोरं तिथे एकदाच जातात, सहावीच्या सहलीत. ती वहीत लिहून घेत होती.

या विषयाकडे पोरं वळत नाहीत म्हणून मला रात्रीची झोप लागत नाही, असं कधीकधी होतं. जानेवारी २०२३ मध्ये १०८वी इंडियन सायन्स काँग्रेस याच कॅम्पसवर भरली तेव्हा मी आमच्या नववीच्या मुलांना प्रदर्शनाला आणलं होतं. केवढी गर्दी! रॉकेटच्या प्रतिकृतीपुढून मुलं हलेनात. फार आनंद झाला मला. मनात एकच आलं, यांतल्या दोघाचौघांनी तरी पलीकडच्या मानव्यशाखेच्या इमारतीत डोकावून बघावं. तिथेही जमिनीखालचं शोधणारे लोक बसतात.

परतताना पाऊस थांबला होता. फुटाळा तलावाकडून गार वारा येत होता. मनूने गेटवर फोटो काढून ताईला पाठवला. ताईचं उत्तर आलं: "जेवली का?"

जेवण झाल्यावर लोखंडी कपाटातून ती झेरॉक्स काढली. कडा पिवळ्या पडल्यात, पेन्सिल पुसट झाली आहे पण वाचता येते. मनूच्या हातात दिली. ती आता आतल्या खोलीत कॉटवर पालथी पडून वाचते आहे, दिवा अजून चालू आहे.

मघाशी तिने तिथूनच विचारलं, "मावशी, हे 'इथं लिंब होता' कोणी लिहिलं?"

मी सांगितलं.

मग बराच वेळ काही आवाज नाही. नंतर म्हणाली, "पण लिंब आहे तिथं अजून. त्याच्या बुंध्यापाशी एक नवा फुटलाय बहुतेक. थांब, मी गुरुवारी घरी चालली, तेव्हा नकाशा घेऊन जाऊन पाहते."