पालकसभेतला मोबाईल

कापूस वेचणीचे दिवस असूनही आज दारव्हा तालुक्यातील आमच्या शाळेच्या पालकसभेला अनेक आया मजुरी बुडवून आल्या होत्या. नववीतली एक मुलगी रात्री उशिरापर्यंत जागते, जेवण टाळते आणि टाकलेल्या फोटोला पुरेसे लाइक मिळाले नाहीत की तो लगेच काढून टाकते, असे तिच्या आईने सांगितले. "मॅडम, पोरगी घरातच राह्यते, पण आमच्यात नाही राह्यत," असे ती म्हणाली.

फोन हिसकावून घ्यावा, हे एका वडिलांचे मत मला पटले नाही, कारण अभ्यासाच्या आणि शिष्यवृत्तीच्या सूचनाही त्याच फोनवर येतात (शिवाय सभेत सर्वाधिक वाजले ते वडिलांचेच फोन). दिवसाला ३ तासांहून अधिक वेळ समाजमाध्यमांवर घालवणाऱ्या किशोरांमध्ये नैराश्य व चिंतेचा धोका दुप्पट दिसतो, असा इशारा अमेरिकेच्या सर्जन जनरलने (तिथल्या सरकारच्या प्रमुख आरोग्य सल्लागाराने) २०२३ मध्ये दिला होता. ऑस्ट्रेलियाने तर डिसेंबर २०२५ पासून १६ वर्षांखालील मुलांच्या खात्यांवर बंदीच घातली. आमच्या गावात मात्र समुपदेशकच नाही, म्हणून टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा मोफत क्रमांक मी फळ्यावर लिहिला आणि तिथे मराठीतून बोलता येते, हे आवर्जून सांगितले. येत्या शनिवारी नववीच्या मुलींशी, पालकांना बाजूला ठेवून, स्वतंत्रपणे बोलायचे ठरले आहे.