नोव्हेंबर १९४२ ची कॉलर

पहाटे पाचला मी वेशभूषेच्या तंबूत शिरले, तेव्हा गणवेश चढवलेली १६० माणसे रांगेत उभी होती आणि प्रत्येकाच्या दोन्ही खांद्यांवर पट्ट्या होत्या. प्रसंग होता नोव्हेंबर १९४२ चा, स्टालिनग्राडचा. चित्रीकरण मात्र बुडापेस्टबाहेरच्या एका पडक्या कारखान्यात होते, आणि पहिला कॅमेरा नऊ वाजता फिरणार होता. पुण्याच्या रानडे इन्स्टिट्यूटमध्ये शिकलेल्या रशियनच्या जोरावर मी या कामात आले. युद्धपटांतल्या सोव्हिएत सैनिकांचे कपडे काळाशी जुळतात की नाही, हे पाहण्याची जबाबदारी माझी असते. गणवेशांचा ट्रक आदल्या रात्री उशिरा पोहोचला होता आणि माल तपासण्याआधीच तो वाटला गेला होता.

खांद्यावरच्या त्या पट्टीला रशियनमध्ये पोगोन म्हणतात. क्रांतीनंतर बोल्शेविकांनी ती मोडीत काढली, कारण ती झारच्या अधिकाऱ्यांची खूण होती. यादवी युद्धात ‘सोनेरी पोगोनवाले’ ही शिवीच झाली होती. त्यानंतर लाल सैन्यातला हुद्दा कॉलरवर दिसे. कॉलरच्या दोन्ही टोकांना कापडी पट्टी आणि तिच्यावर लाल मिन्याचे धातूचे तुकडे: हवालदार पातळीला त्रिकोण, लेफ्टनंटला दोन चौकोन, कॅप्टनला एक आयत. पोगोन परत आणण्याचा निर्णय जानेवारी १९४३ मध्ये झाला आणि १५ जानेवारीच्या आदेशानुसार फेब्रुवारीत सैन्याने ते चढवायचे होते. स्टालिनग्राडमधली शेवटची जर्मन तुकडी २ फेब्रुवारीला शरण आली. म्हणजे त्या शहरात जे लढले आणि जे मेले, ते कॉलरवरच्या चौकोनांनिशी. ‘अधिकारी’ हा शब्दसुद्धा त्या सैन्यात अधिकृतपणे परतला तो याच सुमारास. तोवर ‘कमांडर’ म्हणत.

मी हे सांगितले तेव्हा निर्मिती पाहणाऱ्या गृहस्थांनी सौम्यपणे विचारले, “पण हे कोणाच्या लक्षात येणार?” पाश्चात्त्य चित्रपटांच्या कामात हा प्रश्न मी अनेकदा ऐकला आहे आणि दर वेळी तो मला टोचतो. जर्मन गणवेशाच्या बाबतीत तो सहसा कोणी विचारत नाही. तिथे कॉलरवरच्या भरतकामावरही तासभर चर्चा होते. सोव्हिएत सैनिक म्हटला की मात्र टोपीवर लाल तारा असला म्हणजे भागते. मी त्यांना फोनवर माक्स आल्पेर्तने जुलै १९४२ मध्ये टिपलेले ते प्रसिद्ध छायाचित्र दाखवले. पिस्तूल उंचावून, मागे वळून आपल्या माणसांना हाक देणारा कमांडर त्यात आहे, आणि त्याचे खांदे मोकळे आहेत. “हा फोटो ज्यांच्या घरात लावलेला आहे, त्यांच्या लक्षात येईल,” एवढेच मी म्हणाले. त्यांनी घड्याळ पाहिले आणि काय करता येईल ते विचारले.

नुसते पोगोन काढून काम भागणार नव्हते. १९४३ च्या सदऱ्याला उभी पट्टीची कॉलर असते. त्याआधीच्याला दुमडून खाली पडणारी. कॉलरच चुकीची असेल तर चौकोन लावायचे कुठे? आमच्या स्वतःच्या पेट्यांत जुन्या पद्धतीचे ३४ सदरे निघाले. ते कॅमेऱ्याजवळच्या माणसांना द्यायचे ठरले. उरलेल्यांना रुईभरल्या जाकिटांत गळ्यापर्यंत बंद करायचे, कारण नोव्हेंबरातल्या थंडीत ते साजेसेच होते. काहींच्या अंगावर तंबूच्या कापडाचा झगा. पुढच्या रांगेत सगळ्यांच्या पायांत उंच बूट होते, तिथे मी पंधरा जणांना आखूड बूट आणि पोटऱ्यांना गुंडाळायच्या पट्ट्या दिल्या, कारण त्या वर्षीची छायाचित्रे पाहिली तर कितीतरी शिपाई तसेच दिसतात. इंग्रजांनी या पट्टीचे नाव आपल्याकडून नेले. मी ती गुंडाळून दाखवत होते आणि तिथला प्रत्येक जण तिला पट्टीच म्हणत होता.

शिवणकाम सांभाळणाऱ्या बाई खारकीव्हच्या होत्या. चष्मा नाकावर ओढून त्यांनी पहिला सदरा मांडीवर घेतला, कॉलरच्या कडेला बोटाने अंतर मोजले आणि मला न विचारता पट्टी नेमक्या जागी टाचली. चौकोनाच्या मागे दोन बारीक तारा असतात. त्या कापडातून आरपार काढून मागे दुमडाव्या लागतात, आणि दुमड नीट बसली नाही तर त्या मानेला टोचतात. म्हणून त्यांनी प्रत्येक कॉलरीच्या आत जुन्या चादरीचा पांढरा पट्टा शिवला. खरे शिपाईही आत असा पांढरा पट्टा लावत आणि तो धुऊन बदलत. आठ वाजेपर्यंत आम्ही चौघींनी ३४ कॉलरी पुऱ्या केल्या.

नायक कॅप्टन होता. त्याच्या छातीवर नारिंगी-काळ्या फितीचे ‘ग्लोरी’ पदक होते. ते स्थापनच झाले ८ नोव्हेंबर १९४३ रोजी, शिवाय ते शिपाई आणि हवालदारांसाठीचे. मी ते उतरवून ‘रेड स्टार’ डाव्या बाजूला लावले. तो तारा उजवीकडे गेला १९४३ च्या उन्हाळ्यात. अभिनेत्याने तक्रार केली नाही. कॉलरवरच्या एका लहानशा आयताला हात लावून त्याने विचारले, “एवढ्यावरून ते मला ओळखत?” मी हो म्हटले.

मला सर्वांत जास्त काळजी होती ती दुपारच्या प्रसंगाची. पळणाऱ्या शिपायांवर त्यांच्याच मागे बसवलेली मशीनगन चालते, आणि ती चालवणाऱ्यांच्या डोक्यावर गुप्त पोलिसांच्या निळ्या टोप्या. २८ जुलै १९४२ च्या २२७ क्रमांकाच्या आदेशाने अशा अडवणूक तुकड्या उभ्या राहिल्या, हे खरेच आहे, आणि त्यांनी माणसे मारली हेही खरे आहे. पण १ ऑगस्ट ते १५ ऑक्टोबर १९४२ या काळाचा गुप्त पोलिसांचाच अहवाल असे सांगतो की १,४०,७५५ जणांना अडवले गेले, त्यांपैकी १,१८९ जणांना गोळ्या घातल्या आणि १,३१,०९४ जणांना त्यांच्या तुकड्यांकडे परत पाठवले. १,१८९ हा आकडा लहान नाही. तरीही पडद्यावर दरवेळी फक्त मशीनगनच दिसते, आणि परत जाऊन पुन्हा खंदकात उतरणारा माणूस कधीच दिसत नाही.

पटकथा बदलणे माझ्या हातात नव्हते. टोप्या होत्या. आदेशातल्या तुकड्या सैन्यानेच आपल्या शिपायांतून उभ्या करायच्या होत्या, म्हणून त्यांचा वेश इतरांसारखाच असायला हवा, असे मी दिग्दर्शकांना सांगितले. त्यांनी आकडे दोनदा विचारले आणि निळ्या टोप्या काढायला लावल्या.

मशीनगनमागे बसलेल्या तरुण मुलाने साधी टोपी डोक्यावर घातली आणि समोरून येणाऱ्यांकडे पाहिले. तेच रुईभरले जाकीट, त्याच पट्ट्या, तीच टोपी.

“आता आम्ही वेगळे आहोत हे कळणार कसे?” त्याने मला विचारले.

दिग्दर्शक जवळच उभे होते. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग त्यांनी कॅमेरा मशीनगनजवळून हलवून त्या मुलाच्या चेहऱ्यासमोर आणायला सांगितला.