एक्सटीएम-५ला चार जीबी रॅम : सव्वा महिन्याची रडकथा

नव्याने वाचणाऱ्यांसाठी पेटीची ओळख आधी करून देतो. वॉचगार्डची एक्सटीएम-५, म्हणजे नेटवर्कच्या दारावर पहारा देणारी फायरवॉल, लाल तोंडाची, एक-यू (रॅकच्या एका कप्प्याएवढ्या) उंचीची. भंगारवाल्याकडून बाराशे रुपयांना उचलली. त्याच्या लेखी ती वजनावर विकायची गोष्ट होती. आत इंटेलचा सेलेरॉन ४४०, म्हणजे एकच कोर, २ गिगाहर्ट्‌झ, एलजीए-७७५ सॉकेट. चिपसेट (प्रोसेसर, रॅम वगैरेंना जोडणारा बोर्डावरचा संच) जी-४१. समोर सात पोर्ट, त्यातले सहा गिगाबिट. रॅमचे दोन स्लॉट, एकात १ जीबी डीडीआर-२, दुसरा रिकामा. बूट सीएफ कार्डावरून (जुन्या कॅमेऱ्यांत असायचं तसलं मेमरी कार्ड). मूळ सॉफ्टवेअर केव्हाच पुसलं. आता तिला काम एकच : ओपीएनसेन्सची (फायरवॉलचं मोफत सॉफ्टवेअर) जानेवारी-जुलैची मोठी आवृत्ती आली की ती आधी हिच्यावर चढवायची, हवे तेवढे हाल करायचे आणि मगच घरच्या खऱ्या फायरवॉलला हात लावायचा. ज्यांच्या घरी ऑफिसची मीटिंग, पोरीचा क्लास आणि आईची मालिका एकाच तारेवर चालते, त्यांना या शिस्तीचं कारण सांगायला नको.

५ जून

ओपीएनसेन्सची किमान अट २ जीबीची आहे, आपल्याकडे १. तरी नॅनो इमेज (तिची कार्डावरून चालणारी आवृत्ती) ८ जीबीच्या सीएफ कार्डावर लिहून सुरू केली. चालली, पण धाप लागल्यासारखी. कार्डावर वारंवार लिहून ते झिजू नये म्हणून नॅनो इमेज लॉग आणि तात्पुरत्या फाइली रॅममध्येच ठेवते. म्हणजे आधीच तोकडी रॅम, त्यात तिच्यातलाच तुकडा डिस्क म्हणून वापरायचा. शिवाय स्वॅप (रॅम कमी पडली की डिस्कवर घेतलेली उसनी जागा) नाही. वेब पान उघडायला इतका वेळ लागला की मध्ये चहा टाकून आलो. सुरिकाटा (येणाऱ्या-जाणाऱ्या पॅकेटांत हल्ले शोधणारा प्रोग्राम) सुरू केलं आणि दोन मिनिटांत ते गायब.

जुन्या डेस्कटॉपमधली १ जीबी, ६६७ची पट्टी दुसऱ्या स्लॉटात खोचली. मूळची ८००ची, पण जोडीत दोघी हळू चालणारीच्या वेगाने पळतात. त्याचं काही वाटलं नाही. २ जीबी झाली, वेब पान झटकन उघडायला लागलं, सुरिकाटा टिकलं. वाटलं, झालं काम.

९ जून

नाही झालं. दिवसभर सगळं ठणठणीत आणि सकाळी उठून बघावं तर सुरिकाटा मेलेलं. लागोपाठ तीन दिवस. लॉग बघायला गेलो, पण माझ्याच सवयीप्रमाणे आधी पेटी रीबूट केली होती आणि लॉग तर रॅममध्ये! रीबूट केला की पुरावा साफ. ही चूक मी दोनदा केली.

मग सिरियल केबल (पडदा नसलेल्या पेटीचं कन्सोल दुसऱ्या संगणकावर दाखवणारी तार) लावली, ११५२०० वेगाने, आणि जुन्या लॅपटॉपवर कन्सोलचं सगळं बोलणं फाइलमध्ये साठवत ठेवलं. सकाळी फाइलच्या तळाशी ती ओळ सापडली : सुरिकाटाचा प्रोसेस क्रमांक, आणि पुढे ‘वॉज किल्ड, फेल्ड टू रिक्लेम मेमरी’, म्हणजे रॅम संपली म्हणून मारलं. वेळ रात्री २ वाजून ४ मिनिटं. दोन वाजता काय असतं? सुरिकाटाची नियमावली (हल्ले ओळखायच्या खुणांची यादी) ताजी करण्याचा क्रॉन, म्हणजे ठरल्या वेळी आपोआप चालणारं काम, मीच लावलेला.

इथे जरा थांबतो, कारण हेच मला आधी कळायला हवं होतं. सुरिकाटा नवे नियम घेतं तेव्हा पहारा एक क्षणही उठू नये म्हणून जुनं इंजिन चालू ठेवतं आणि शेजारी नव्या नियमांचं दुसरं इंजिन पूर्ण उभं करतं. ते तयार झालं की काम तिकडे वळवतं आणि जुनं मोडून टाकतं. म्हणजे तेवढ्या वेळापुरती दोन्ही इंजिनं रॅममध्ये. माझ्या नियमावलीवर एरवी साडेसातशे एमबीच्या आसपास खाणारं सुरिकाटा त्या वेळी दीड जीबीवर जात होतं. दिवसा टॉप (कोण किती रॅम खातंय ते दाखवणारी आज्ञा) उघडून मी जो आकडा बघत होतो तो नुसता झोपलेल्या माणसाच्या श्वासाचा होता. रॅम किती लागते ते विचारायचं तर बदली होताना विचारायला हवं.

स्वॅप देऊन हे भागलं असतं. पण चाचणीच्या पेटीत दुखणं झाकलेलं मला नको आहे, आणि सीएफ कार्डावर स्वॅप म्हणजे कार्डाच्या जिवाशी खेळ. चार जीबीच करायची.

१७ जून

ऑनलाइन २ जीबीच्या दोन पट्ट्या मागवल्या. डीडीआर-२, ८००, जोडी सहाशे रुपयांना, नवीकोरी. इतकी जुनी रॅम नवी आणि इतकी स्वस्त कशी, हा प्रश्न मला पडला होता, पण सहाशे रुपयांनी तो गिळला.

दोन्ही बसवल्या. पंखे भणभणले (आई आतून : “विमान निघालं का रे?”), कन्सोलवर मात्र एक अक्षर नाही. एकच लावून पाहिली, स्लॉट बदलून पाहिला, खोडरबरने पिना घासल्या, मदरबोर्डाची नाणं-बॅटरी काढून दहा मिनिटं ठेवली. काही नाही. जुनी १ जीबी परत लावली की लगेच बूट.

मग भिंग घेऊन बसलो. स्टिकरवर कोपऱ्यात बारीक अक्षरांत होतं, फक्त एएमडीसाठी. विक्रीच्या पानावरही होतं, अगदी तळाशी. परत घ्यायला विक्रेत्याने नकार दिला आणि खरं सांगायचं तर मला फार भांडताही आलं नाही.

गंमत अशी की नुसती चिप मोजून हा फरक कळत नाही. साध्या २ जीबी पट्टीवरही १६ चिप असतात आणि या पट्टीवरही १६च. फरक चिपच्या रुंदीचा. पट्टीला ६४ बिट एका वेळी द्यायचे असतात. साध्या पट्टीवर चिप ८ बिटांची, म्हणून आठ चिप मिळून एक रांग होते आणि १६ चिपांच्या दोन रांगा. या स्वस्त पट्टीवर चिप ४ बिटांची, सोळा मिळून एकच रांग. मेमरीतली जागा ओळ आणि स्तंभाच्या पत्त्याने गाठतात. १ गिगाबिटच्या ८-बिटी चिपला स्तंभासाठी १० बिट पुरतात, ४-बिटीला ११ लागतात. त्या पिढीच्या एएमडी प्रोसेसरांत मेमरी कंट्रोलर (रॅमशी बोलणारा भाग) आतच असतो आणि त्याला हे अकरावं बिट समजतं. जी-४१सारख्या इंटेलच्या डेस्कटॉप चिपसेटला ४-बिटी चिप मुळात चालतच नाहीत. पट्टीत खोट काही नाही, चुकीच्या घरी दिलेली सून.

घेताना बघायचं ते स्टिकरवरचं छोटं अक्षर : ‘२आर×८’ म्हणजे दोन रांगा, ८-बिटी चिप. हे हवं. सोबत ‘पीसी२-६४००यू’. शेवटचा ‘यू’ महत्त्वाचा, नाहीतर सर्व्हरची पट्टी गळ्यात पडेल.

२८ जून

शेवटी पुण्यातली इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांची तपकीर गल्ली. पाऊस असा की छत्रीचा उपयोग फक्त डोक्यापुरता. तीन दुकानांत “डीडीआर-टू? नाही हो” ऐकलं. चौथ्या ठिकाणी काउंटरमागे पन्नाशी उलटलेले काका होते. शेजारी लाकडी फळीवर उघडा मदरबोर्ड, त्याला पॉवर सप्लाय आणि छोटा मॉनिटर लावलेला.

“दादा, डीडीआर-टू आता कोण घेतंय? काय चालवताय एवढं?”

“फायरवॉल आहे काका, जुनी. टेस्टिंगला.”

“म्हणजे फेकायची नाही ठरवलंय.” आणि त्यांनी खालून बिस्किटाचा पत्र्याचा डबा काढला. आत रॅम, मधे वर्तमानपत्राच्या घड्या. एकेक पट्टी उलटून मी ‘२आर×८’ शोधत होतो आणि ते माझ्याकडे तांदूळ निवडणाऱ्या माणसाकडे बघावं तसं बघत होते. चार निघाल्या. फळीवरचा बोर्ड जी-३१चा होता, जी-४१चाच थोरला भाऊ, म्हणजे चाचणीला उत्तम. काकांनी पँटच्या खिशातून खोडरबराचा तुकडा काढला, पिनांवर एकाच दिशेने चार वेळा ओढला, फुंकर मारली, पट्टी बसवली. मागेपुढे घासायचं नाही, म्हणाले, कचरा परत पिनांवरच बसतो. इतकी वर्षं मी मागेपुढेच घासत आलोय.

दोन घेतल्या, तीनशेला एक. चालली नाही तर आठ दिवसांत आणा, बिल नाही, चेहरा लक्षात राहतो.

२९ जून ते ४ जुलै

मेमटेस्ट, म्हणजे रॅमभर लिहून-वाचून चुका शोधणारा प्रोग्राम. पेटीला पडदा नाही, म्हणून सिरियल कन्सोलचा पर्याय देऊन वेगळ्या कार्डावरून चालवलं. पहिली रात्र बरी गेली. दुसऱ्या दिवशी गुरुवार, दुरुस्तीसाठी वीज जाणार हे विसरलो, चौथी फेरी अर्धवट. पुन्हा सुरू. तिसऱ्या फेरीत पहाटे एक चूक. एकच. एका चुकीकडे काणाडोळा करायचा मोह फार होतो. पण जी पेटी दुसऱ्याच्या सॉफ्टवेअरमधल्या चुका पकडायला ठेवली आहे तिच्याच रॅममध्ये बिट उलटत असेल, तर उद्या कोसळलेल्या प्रोसेसचा दोष द्यायचा कुणाला? दोन्ही पट्ट्यांची अदलाबदल केली. चूक पुन्हा आली आणि पत्ता पट्टीबरोबर सरकला. म्हणजे स्लॉट निर्दोष.

तपकीर गल्ली, फेरी दुसरी. काकांनी काही न विचारता डबा पुढे केला. नव्या जोडीवर आठ फेऱ्या, शून्य चुका.

१२ जुलै

बूट होताना कन्सोलवर फ्रीबीएसडीने (ओपीएनसेन्सच्या तळाची ऑपरेटिंग सिस्टीम) ‘रिअल मेमरी’पुढे ४०९६ एमबी लिहिलं. वापरायला थोडी कमी मिळते. जी-४१च्या पोटातलं ग्राफिक्स आपला वाटा आधीच उचलतं, मॉनिटर असो वा नसो.

रात्री २ची वाट न बघता नियमावली हाताने दहा वेळा ताजी केली. सुरिकाटा दर वेळी वर गेलं आणि परत खाली आलं, मेलं एकदाही नाही.

मग कनेक्शनच्या नोंदींचा तक्ता. ओपीएनसेन्स त्याची मर्यादा आपोआप रॅमच्या १० टक्क्यांवर ठेवतं आणि एका नोंदीला साधारण १ केबी धरतं. म्हणजे १ जीबीवर लाखभर नोंदी, आता चार लाखांच्या जवळपास. एचपिंगने (पॅकेटं पाठवायचं साधन) खोट्या पत्त्यांवरून सिन, म्हणजे नवीन कनेक्शन मागणाऱ्या पॅकेटांचा भडिमार केला. पूर्वी लाखाला नवीन कनेक्शन नाकारायला लागायची, आता तीन लाखांवरही वेब पान उघडत होतं, जरा कुरकुरत. कुरकुर प्रोसेसरची. रॅमने वेग वाढेल ही आशा कुणी बाळगली असेल तर सोडा : आयपर्फचा (वेग मोजायचं साधन) आकडा १ जीबीवर होता तोच ४ जीबीवर. एकच कोर आहे, तो तेवढंच ओढणार.

मधे एक दिवस विनाकारण गेला. अपडेट घ्यायला गेलो तर सर्टिफिकेट अवैध. तास-दीड तास डीएनएस, प्रॉक्सी, सगळं उलटंपालटं केलं. पेटीचं घड्याळ बघितलं तर ती कित्येक वर्षं मागे जगत होती. बॅटरी काढून ठेवली तेव्हा जे गेलं ते परत लावायचं राहून गेलं होतं. तीही मरायला टेकलीच होती, चाळीस रुपयांची सीआर-२०३२ नवी टाकली.

जुलैची आवृत्ती आली की या रॅमवर पहिली खरी परीक्षा. त्यानंतर कोर २ ड्युओ मिळतो का बघणार आहे. काका म्हणाले, त्याचा डबा वेगळा आहे.

आणि त्या दोन ‘फक्त एएमडी’ पट्ट्या माझ्याकडे तशाच पडून आहेत, एकदम नव्या. एएमडीच्या एएम-२ सॉकेटचा जुना बोर्ड ज्याच्याकडे चालू असेल त्याने घेऊन जाव्या. पैसे नकोत, चहा पाजा.