आमची वाटचाल : पोफळीच्या सावलीतले नेचे

दापोली तालुक्यातील समुद्रकाठच्या आमच्या आगरात नारळ, पोफळी आणि जायफळ वडिलांच्या काळापासून आहेत. मोठ्या पानांच्या सदाहरित नेच्यांची (फर्नची) रोपवाटिका आम्ही त्याच सावलीत उभी केली. पावसाळ्यात कोकणातल्या प्रत्येक गडग्यावर नेचे उगवतात, परंतु त्यांतले बरेचसे पाऊस सरल्यावर सुकून जातात. बारमाही हिरवा राहणारा नेचा हवा असेल, तर फेब्रुवारी ते मे या काळात त्याला ओलावा आणि खाऱ्या वाऱ्यापासून आडोसा मिळालाच पाहिजे. म्हणून पश्चिमेकडचा जांभ्याचा गडगा आम्ही उंच केला, त्यालगत केळी लावल्या आणि पाटाचे पाणी वाफ्यांच्या कडेने फिरवले.

सह्याद्रीतल्या ओहोळांतून जुने नेचे उपटून आणून विकण्याचा मार्ग आम्ही पहिल्यापासून नाकारला. आमची रोपे बीजाणूंपासून, म्हणजे नेच्याला बियांच्या जागी येणाऱ्या सूक्ष्म कणांपासून, तयार होतात. पानाच्या पाठीवरचे बीजाणूंचे पुंज तपकिरी झाले की ते पान कोऱ्या कागदात गुंडाळून ठेवतात. थोड्या दिवसांनी कागदावर अत्यंत बारीक धूळ जमते. ती उकळत्या पाण्याने निर्जंतुक केलेल्या कोकोपीटवर पेरल्यावर प्रथम हिरवा थर धरतो आणि त्यातून नखापेक्षाही लहान, बदामाच्या आकाराचे तुकडे दिसू लागतात. या टप्प्यावर पाण्याची फवारणी चुकवून चालत नाही, कारण पाण्याची पातळ पापुद्री असल्याशिवाय नेच्यात फलनच होत नाही. पहिले खरे पान दिसायला काही महिने लागतात आणि कुंडी विकण्याजोगी होईपर्यंत दोन-तीन वर्षे जातात. हा धीर आमच्या कामगार बायकांकडे आहे, हे आवर्जून सांगितले पाहिजे.

3 जून 2020 रोजी निसर्ग चक्रीवादळाने आमच्या पोफळी आडव्या केल्या. झाडे पडल्याचे दुःख तर होतेच, पण नेच्यांवरचे छत्र गेल्याने पुढच्या उन्हाळ्यात अस्प्लेनियम या नेच्याची रुंद पाने कडेने करपली. हिरवी शेडनेट बांधून आणि केळींची संख्या वाढवून आम्ही मातृरोपे वाचवली. त्यांच्यापासूनच आजचा साठा उभा आहे.

सध्या आमचे लक्ष अँजिओप्टेरिस या नेच्यावर आहे. याची पाने माणसाच्या उंचीपेक्षा लांब होतात आणि देठाच्या बुडाशी असलेल्या मांसल खवल्यांपासूनही नवे रोप फुटते, त्यामुळे बीजाणूंची वाट पाहावी लागत नाही. नव्या पोफळींची सावली अजून विरळ असल्याने ही रोपे शेडनेटखालीच वाढत आहेत, आणि आगरातला एक पूर्ण उन्हाळा काढल्याशिवाय त्यांतले एकही विक्रीला काढायचे नाही, असे आम्ही ठरवले आहे.