व्हॅन्कोमायसिन डी-अलॅनिनच का धरतं, आणि ते मोजताना काय चुकतं

आरशातली प्रतिमा असलेले दोन रेणू साध्या पाण्यात अगदी सारखे वागतात. समोरचा रेणूही कायरल (आपल्या आरशातल्या प्रतिमेशी न जुळणारा) असला की फरक उघडा पडतो. त्यासाठी वेगळं बल लागत नाही. हायड्रोजन बंध, विद्युतभार, अगदी जवळ आलेल्या अणूंचं प्रतिकर्षण, सगळं नेहमीचंच. कुठला अणू कुणाच्या किती जवळ पोचतो, तेवढं बदलतं.

व्हॅन्कोमायसिन हे याचं माझ्या मते सर्वांत स्वच्छ उदाहरण. जिवाणूच्या भित्तिकेच्या अर्धवट साखळीचं शेपूट असतं लायसिन-डी-अलॅनिन-डी-अलॅनिन (डी आणि एल ही एकाच अमिनो आम्लाची आरशातली दोन रूपं). हे प्रतिजैविक त्याला पाच हायड्रोजन बंधांनी धरतं. शेवटचा कार्बोक्सिलेट गट अमाइडच्या एनएच गटांनी वेढलेल्या खळग्यात बसतो. डी-अलॅनिनचे मिथिल गट अशा वेळी कुणाच्या आड येत नाहीत. एल-अलॅनिनमध्ये मिथिल आणि हायड्रोजन यांची अदलाबदल होते: बंध जुळवावेत तर मिथिल खळग्याच्या भिंतीवर आदळतो, मिथिल वाचवावा तर साखळी वळते आणि बंध निसटतात.

पण फक्त बाजू (डी की एल) बरोबर असून भागत नाही. व्हॅन्कोमायसिनला दाद न देणाऱ्या एन्टेरोकोकस जिवाणूंमध्ये शेवटी डी-लॅक्टेट असतं. बाजू तीच, फक्त एका एनएचच्या जागी ऑक्सिजन. पकड साधारण १००० पट ढिली होते, म्हणजे २५ अंश सेल्सिअसला बंधन-ऊर्जेत सुमारे १७ किलोज्यूल प्रति मोलचा तोटा. रसायनशास्त्रज्ञ डेल बोगर यांच्या गटाने २००३ साली त्या जागी सीएच२ घालून हिशेब वेगळा केला: बंध गेल्याने सुमारे १० पट, आणि दोन ऑक्सिजन समोरासमोर आल्याच्या प्रतिकर्षणाने सुमारे १०० पट. प्रतिकर्षणाचा वाटा एवढा मोठा असणं फार बोलकं आहे.

हे आयटीसीवर (बंधनाची उष्णता मोजणाऱ्या यंत्रावर) मोजायचं तर सेलमध्ये ५० मायक्रोमोलार व्हॅन्कोमायसिन आणि सिरिंजमध्ये त्याच्या दहापट पेप्टाइड (त्या शेपटाची नक्कल) घ्या. लायसिनचे दोन्ही अमाइन गट अ‍ॅसिटिलेटेड हवेत. बंधन स्थिरांक १० लाख प्रति मोलारच्या आसपास असल्याने सी-मूल्य (बंधन स्थिरांक गुणिले सेलमधली संहती) ५० च्या घरात येतं, वक्र छान बसतो. व्हॅन्कोमायसिन हायड्रोक्लोराइड आम्लधर्मी असतं. बफरमध्ये विरघळवल्यावर पीएच पुन्हा ७ वर आणा, नाहीतर प्रत्येक थेंबाला पीएचच्या तफावतीचीच उष्णता दिसेल. एल-एल पेप्टाइड (शेवटी दोन एल-अलॅनिन असलेलं) आधी चालवा, डी-डी नंतर. उलट केलं आणि सेल नीट धुतला गेला नाही, तर उरलेलं डी-डी व्हॅन्कोमायसिनच्या जागा अडवून बसतं. एल-एलच्या तुलनेशिवाय दिलेले आकडे मला पटत नाहीत.

डी-डीचा एन (एका व्हॅन्कोमायसिनमागे बांधलेल्या पेप्टाइडांची संख्या) १ ऐवजी १.१ आला तर संशय पेप्टाइडवर घ्या. वँग रेझिनवर (पेप्टाइड ज्यावर बांधत नेतात त्या घन कणांवर) पहिलं अमिनो आम्ल डीएमएपी हा उत्प्रेरक वापरून चढवताना त्याचं रेसिमायझेशन होतं, म्हणजे थोडं डी उलटून एल होतं, आणि शेवटी एल-अलॅनिन असलेला भाग बांधलाच जात नाही. २-क्लोरोट्रायटिल रेझिनला डीएमएपी लागत नाही, म्हणून मी तेच सुचवेन. खात्रीसाठी ६ मोलार हायड्रोक्लोरिक आम्लात ११० अंशांवर २४ तास हायड्रोलिसिस (पेप्टाइड तोडून सुटी अमिनो आम्लं करणं), मग डी आणि एल वेगळे दाखवणारा मार्फी अभिकर्मक आणि ३४० नॅनोमीटरवर एचपीएलसी (द्रव वर्णलेखन). हायड्रोलिसिसमध्येही थोडं रेसिमायझेशन होतंच; ते वजा करायचं तर ड्युटेरियमयुक्त आम्ल वापरा. त्या टप्प्यात उलटलेला रेणू वस्तुमानात १ एककाने जड दिसतो.